मदत हवी आहे: आईच्या रिपोर्टमध्ये 'एमएलएच१ लॉस' आलाय, आनुवंशिक समजायचं का?

आईचं वय ७१. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची कर्करोगाची गाठ काढली, तब्येत बरी आहे. अडलंय ते पॅथॉलॉजी रिपोर्टपाशी. एमएलएच१ आणि पीएमएस२ ही प्रथिनं गाठीत दिसत नाहीत. एमएसएच२, एमएसएच६ शाबूत. खाली शेरा: बीआरएएफ (हे एक जनुक) आणि एमएलएच१ प्रमोटर मेथिलेशन तपासावे. नेटवर 'लिंच सिंड्रोम' (आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) वाचून धाकट्या भावाची झोप उडालीय. (मीही काही घोरत नाहीये.)

फिअरन आणि व्होगेलस्टाइन यांनी १९९० साली मांडलेला, या कर्करोगात जनुकं बिघडत जाण्याच्या टप्प्यांचा क्रम सगळीकडे सापडतो: आधी एपीसी, मग केआरएएस, शेवटी शेवटी टीपी५३. आईच्या रिपोर्टात यातलं एकही नाव नाही! शिवाय मेथिलेशनमध्ये डीएनएची अक्षरं बदलत नाहीत म्हणे, मग जनुक बंद कसं पडतं? आणि ते आमच्यात उतरलं असेल का?

प्रतिसाद: तो क्रम बऱ्याच गाठींचा आहे, सगळ्यांचा नाही. एमएलएच१ हे डीएनएची नक्कल होताना झालेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांपैकी एक. पीएमएस२ त्याच्या जोडीनेच टिकतं, म्हणून एक गेलं की दुसरंही दिसेनासं होतं. दोन बिघाड समजू नका. दुरुस्ती थांबली की डीएनएतल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांत (मायक्रोसॅटेलाइट) चुका साचतात, हीच मायक्रोसॅटेलाइट अस्थिरता. ती सुमारे १५ टक्के गाठींत असते आणि त्यातल्या बहुतेक आनुवंशिक नसतात.

मेथिलेशनमध्ये जनुकाच्या तोंडाशी, प्रमोटरवर, मिथाइल गट चिकटतात आणि जनुक वाचलंच जात नाही. मजकूर तोच, पानं चिकटलेली. उतारवय, उजवी बाजू हे चित्र त्याच्याशी जुळतं. असं मेथिलेशन बहुधा त्या गाठीपुरतंच असतं, मुलांत उतरत नाही.

बीआरएएफमध्ये व्ही६००ई हा ठरावीक बदल सापडला तर लिंच जवळजवळ बाद. नाही सापडला तरी घाबरू नका, मेथिलेशनचा निकाल बघा. तेही नसेल, तर मात्र आईंच्या रक्ताची जनुकीय तपासणी. आधी त्यांची, मग गरज पडली तर तुमची.

धागाकर्ता: खूप आभार. म्हणजे भावाने आत्ताच रक्त द्यायची घाई नको ना?

प्रतिसाद: रक्ताची नको. कोलोनोस्कोपी कधीपासून आणि किती वर्षांनी, हे मात्र दोघांनीही डॉक्टरांना विचाराच. आईला हा आजार झालाय एवढं कारण त्याला पुरेसं आहे, लिंच असो वा नसो.