छावणीतल्या फलकावरची नावं: जवानाच्या घरातून ब्रिगेडियर किती येतात?

माणदेशी:

गेल्या डिसेंबरात वडिलांना घेऊन त्यांच्या रेजिमेंटल सेंटरला गेलो होतो. माजी सैनिकांचा मेळावा होता. वडील सुभेदार म्हणून निवृत्त झाले, २८ वर्षं नोकरी. तिथे कमांडंटच्या ऑफिसबाहेर एक लाकडी फलक आहे. आजवरच्या सगळ्या कमांडंटची, म्हणजे सेंटरच्या प्रमुख ब्रिगेडियरांची, नावं सोनेरी अक्षरांत आणि पुढे तारखा. वडील त्या फलकासमोर जवळजवळ सावधानमध्येच उभे राहिले आणि बोट न लावता एकेक नाव वाचत गेले. "हे माझे कंपनी कमांडर होते. ह्यांनी माझी लान्स नाईकची फीत स्वतः लावली. ह्यांचे वडीलही ह्याच पलटणीत साहेब होते."

मी विचारलं, "ह्यात जवानाच्या घरातलं कोण?" त्यांनी परत वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. म्हणाले, "मला माहीत असलेल्यांत कोणी नाही."

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. छावणीतल्या मोठ्या साहेबांची ओळख करून देतात तेव्हा शाळा, अकादमी, युनिट, स्टाफ कॉलेज, पदकं सगळं सांगतात. कुठल्या घरातून आले हे कोणी सांगत नाही. आपल्याकडे साताऱ्याजवळचं अपशिंगे आहे. लोक त्याला मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाची ४६ माणसं गेली. दुसऱ्या महायुद्धात इटलीत मराठा पलटणींतल्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव. एक नाईक, एक शिपाई. अशा घरांतली पोरं ब्रिगेडियरच्या खुर्चीपर्यंत का पोहोचत नाहीत? माझं मत स्पष्ट आहे: हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि विचारल्याने फौजेचा अपमान होत नाही.

स्टाफ कॉलेज ८७:

माणदेशी, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. पण तुमचा रोख मला मान्य नाही. मी ३४ वर्षं वर्दीत काढली. अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, एसएसबीच्या, पाच दिवसांत मुलाला दोरीवरून खड्डा पार करावा लागतो, गटापुढे बोलावं लागतं, त्याच्या मनाची परीक्षा होते. तिथे बापाचा हुद्दा कामाला येत नाही. लेफ्टनंट कर्नलपर्यंत बढती वर्षांवर मिळते. त्यापुढे कर्नल, ब्रिगेडियर, मेजर जनरल, प्रत्येक पायरीला सिलेक्शन बोर्ड. बोर्डासमोर कागद जातात त्यांवर अधिकाऱ्याचं नावही नसतं.

घराचं म्हणाल तर जनरल नरवणे पुण्याचे, ज्ञान प्रबोधिनीचे विद्यार्थी. १९८० मध्ये सातव्या शीख लाइट इन्फन्ट्रीत गेले आणि लष्करप्रमुख झाले. त्यांच्यामागून आले जनरल मनोज पांडे, नागपूरचे, बॉम्बे सॅपर्स ह्या इंजिनिअर तुकडीचे. इंजिनिअर्समधून झालेले ते पहिले लष्करप्रमुख. आधीचे लष्करप्रमुख जनरल जे. जे. सिंग तर नवव्या मराठा पलटणीचे. मराठी जवानांनी एका शीख साहेबाला आपला मानला, त्याचं घराणं विचारलं नाही. फौजेत माणूस पलटणीचा होतो, ही तिची ताकद आहे. तिथे जात, गाव, घर मोजायला लागलात तर ती ताकदच जाईल.

माणदेशी:

साहेब, आदर राखून सांगतो. नरवणेसाहेबांचे वडील हवाई दलात विंग कमांडर होते. जे. जे. सिंगसाहेबांचे वडील लेफ्टनंट कर्नल. त्यांच्या कर्तृत्वावर माझा काडीचाही आक्षेप नाही. पण उदाहरणं तुम्ही दिलीत आणि ती माझ्याच बाजूने बोलतात. मात्र जे. जे. सिंगांचे आजोबा साधे शिपाई होते. शिपाई, कर्नल, लष्करप्रमुख. म्हणजे घर वर चढतं, पण तीन पिढ्या लागतात. माझा प्रश्न तेवढाच आहे: तीन का?

वाठार स्टेशन:

इथे मला बोलू द्या, कारण माझा धाकटा भाऊ शिपायाचा अधिकारी झाला. आर्मी कॅडेट कॉलेजमधून. पूर्वी हे कॉलेज पुण्यात होतं, १९७७ मध्ये डेहराडूनला गेलं. बारावी पास, दोन वर्षं नोकरी, वय २० ते २७, मग लेखी परीक्षा, मग तीच एसएसबी. तीन वर्षं पदवी, वर एक वर्ष आयएमए, म्हणजे डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी.

आता हिशोब बघा. बारावीनंतर थेट एनडीएत, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, गेलेला मुलगा साधारण २२ व्या वर्षी लेफ्टनंट होतो. माझा भाऊ २८ व्या वर्षी झाला. मेजर जनरलपर्यंत जायला ढोबळ मानाने ३२-३३ वर्षं लागतात. एनडीएवाला तेव्हा ५५ चा असतो. भाऊ साठीला टेकलेला असता, आणि मेजर जनरलचं निवृत्तीचं वय ५८. म्हणजे त्याचे रिपोर्ट कितीही चांगले असू देत, कुणी त्याच्यावर अन्याय करो की उपकार करो, कॅलेंडरच त्याला थांबवतं. बोर्डासमोर नाव झाकलेलं असेल हो साहेब, पण जन्मतारीख झाकता येत नाही.

स्टाफ कॉलेज ८७:

वाठार, हिशोब बरोबर आहे, मी नाकारत नाही. पण वय हा तुमच्याविरुद्ध रचलेला डाव नाही. कारगिलनंतर सगळ्यांत मोठी ओरड हीच होती की बटालियन कमांड करणारे कर्नल वयाने फार मोठे आहेत. १६-१७ हजार फुटांवर आपल्या जवानांबरोबर चढायचं असेल तर सीओ, म्हणजे बटालियनचा कमांडर, तरुण हवा. म्हणून ए. व्ही. सिंग समितीने वरच्या जागा लवकर मिळतील अशी रचना सुचवली. रँकमधून, म्हणजे जवानांतून, आलेल्यांसाठी वय शिथिल केलंत तर वर चढताना दम कुणाचा लागेल? जवानाचाच जीव धोक्यात येईल.

इतिहासवेडा:

दोघांनाही एक आठवण करून देतो. १९३२ मध्ये डेहराडूनला आयएमए सुरू झाली तेव्हा पहिल्या तुकडीत ४० कॅडेट होते. काही खुल्या परीक्षेतून, काही संस्थानांच्या फौजांतून आणि काही थेट रँकमधून घेतलेले. खुल्या परीक्षेतून आले माणेकशा. रँकमधून आलेल्यांत महंमद मुसा होते, फौजेत साधे जवान म्हणून भरती झालेले. १९५८ ते १९६६ ते पाकिस्तानचे लष्करप्रमुख होते. म्हणजे ब्रिटिशांच्या काळातसुद्धा खालून आलेला माणूस सर्वांत वर जाऊ शकला, कारण अकादमीच्या पहिल्या दिवशी तो बाकीच्यांच्या रांगेत उभा होता. वाठारच्या भावाला ती रांग सहा वर्षं उशिरा मिळाली.

आपल्या कोल्हापूरकडच्या लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरातांचंही नाव इथे यायला हवं. सॅण्डहर्स्टला शिकलेले. ईस्टर्न कमांडवर असताना १९६० मध्येच त्यांनी चीनच्या हल्ल्याचा धोका सरावातून मांडून दाखवला होता. पण सॅण्डहर्स्टला जाणं त्या काळात कुणाला परवडत होतं, हेही सांगायला हवं.

फलटणची मास्तरीण:

मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. तुम्ही सगळे बढत्यांवर बोलताय. मला वाटतं गोष्ट त्याच्या खूप आधी ठरते.

पहाटे पाचला कॅनॉलच्या रस्त्यावर पन्नासेक पोरं पळताना दिसतात. जवान भरतीच्या सोळाशे मीटरची वेळ प्रत्येकाला सेकंदासकट पाठ. त्यांतल्या एकाला विचारलं, एनडीएचा फॉर्म भरलास का? तो म्हणाला, "मॅडम, ते साहेब लोकांचं असतं ना?" त्याचे वडील हवालदार आहेत. माणदेशी, तुमचा फलक मला त्या वाक्यात दिसला.

एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते, वय साडेसोळा ते साडेएकोणीस. गणित ३०० गुणांचं, सामान्य क्षमता ६०० गुणांची. पेपर इंग्रजी नाहीतर हिंदीत. पोरगं गणितात कच्चं नसतं, इंग्रजीत अडतं आणि एसएसबीच्या बोलण्यात अडतं. साताऱ्यात देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ पासून आहे. संभाजीनगरला राज्य सरकारची एसपीआय, म्हणजे सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, १९७७ पासून आहे, तिथे मुलांची तयारी सरकारी खर्चाने करून घेतात. आमच्या पळणाऱ्या पोरांतल्या निम्म्यांना ही दुसरी संस्था ठाऊकच नाही.

आणि मुलींचं सांगू? २०२२ पर्यंत त्यांना एनडीएचं दारच बंद होतं. सर्वोच्च न्यायालयाने उघडायला लावलं. मे २०२५ मध्ये पहिल्या १७ मुली खडकवासल्याहून बाहेर पडल्या. माधुरी कानिटकर लेफ्टनंट जनरल झाल्या त्या डॉक्टर म्हणून, एएफएमसी ह्या पुण्यातल्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या वाटेने. छावणीच्या फलकावर बाईचं नाव यायला अजून वीस-पंचवीस वर्षं जातील, आणि ते नाव हवालदाराच्या मुलीचं असावं असं मला फार वाटतं.

स्टाफ कॉलेज ८७:

ताई, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. तयारी वाढवा, माझ्याकडून हवी ती मदत घ्या. एसएसबीच्या सरावासाठी मी दर महिन्याला फलटणला येईन. पण निवडीच्या वेळी घर बघू नका, ह्या माझ्या मुद्द्यावर मी ठाम आहे.

माणदेशी:

साहेब, निवडीच्या वेळी घर बघा असं मी म्हटलंच नव्हतं. निवड झाल्यावर मोजा, एवढंच म्हणतोय. किती जण कुठून आले हे मोजलं नाही तर कॅनॉलवरचा तो पोरगा कुणाला दिसणार?

हा सगळा धागा काल रात्री वडिलांना वाचून दाखवला. ते माझ्या बाजूने बोलतील असं वाटलं होतं. म्हणाले, "साहेबाचा बाप कोण, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. रूट मार्चनंतर एक कॅप्टन साहेब बॅटरी घेऊन प्रत्येकाचे पाय बघायचे, फोड आलेत का म्हणून. पुढे ते ब्रिगेडियर झाले. फलकावर त्यांचं नाव आहे. मी तेच शोधत होतो."

मग बराच वेळ गप्प बसले. झोपायच्या आधी विचारलं, त्या मास्तरीणबाई सांगतात त्या संस्थेचा फॉर्म कधी निघतो? माझा पुतण्या नववीत आहे.

फलटणची मास्तरीण:

काकांना सांगा, दहावीच्या वर्षी परीक्षा असते. त्याला इंग्रजी वर्तमानपत्र आजपासून मोठ्याने वाचायला लावा, रोज अर्धा तास, आजोबांसमोर उभं राहून.