एका दुखापतीत सगळं संपतंच असं नाही

कुणीतरी लिहिलंय की स्ट्राँगमनची, म्हणजे अवजड वस्तू उचलण्या-ओढण्याच्या स्पर्धांत उतरणाऱ्या खेळाडूची, कारकीर्द तिशीतच आटोपते, गुडघा गेला की खेळ खलास. बऱ्याचदा खरं आहे, पण लिथुआनियाचा झिद्रूनास साविकस बघा.

२००१ मध्ये फेरो बेटांवरच्या स्पर्धेत, अवजड वजन कवेत धरून गोल फिरताना तो घसरला आणि दोन्ही गुडघ्यांचे स्नायुबंध तुटले. एक नव्हे, दोन्ही! घरच्यांनी आपल्याला तर जिन्यावरूनही उतरू दिलं नसतं. हा गडी २००२ च्या 'वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन' या जागतिक स्पर्धेत दुसरा आला. मग २००३ ते २००८ सलग सहा वर्षं अमेरिकेतली अर्नोल्ड क्लासिक ही स्ट्राँगमन स्पर्धा त्याचीच. 'वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन' मात्र हुलकावणी देत राहिली, ती पहिल्यांदा जिंकली २००९ मध्ये. त्यानंतर २०१०, २०१२ आणि २०१४. शेवटची जिंकली तेव्हा वय ३८.

आणि २०१५ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, लॉग लिफ्टमध्ये, म्हणजे ओंडका उचलण्याच्या प्रकारात, २२८ किलो डोक्यावर! गव्हाची शंभर-शंभर किलोंची दोन भरलेली पोती समजा, वर आणखी अठ्ठावीस किलो.

पोलंडच्या मारियुश पुजियानोव्स्कीची याच स्पर्धेतली पाच विजेतेपदं साविकसच्या चारपेक्षा जास्त आहेत, मान्य. तरी माझं मत साविकसलाच.