आकड्यांचा धाक

गरोदरपणातल्या मधुमेहात साखर आटोक्यात आली की मनही आपोआप थाऱ्यावर येतं, असं म्हटलं जातं. मला ते पुरतं पटत नाही. आकडे चांगले असतानाही कित्येकींची धास्ती जात नाही. पुढच्या तपासणीत काय निघेल, बाळाला काही होईल का, हेच डोक्यात घोळत राहतं.

सकाळची उपाशीपोटीची साखर घ्या. ती साधारण ९५ mg/dL च्या आत हवी. रात्री पथ्याचं जेवण, वेळेवर झोप, आणि तरी मीटरवर १०२! लगेच मनात येतं, माझंच काहीतरी चुकलं. खरं तर रात्रभर यकृत रक्तात साखर सोडत असतं आणि वारेतली (प्लासेंटातली) संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, साखर कमी करणाऱ्या इन्सुलिनचा परिणाम कमी करत असतात. त्यात तिचा काय दोष? इन्सुलिन सुरू करावं लागलं म्हणून तिने पथ्य पाळलं नाही, असा अर्थ होत नाही. हे डॉक्टरांनी निदानाच्या दिवशीच सांगावं, आणि घरच्यांसमोर सांगावं, कारण 'गोड खाल्लंस ना?' हा प्रश्न बहुतेकदा घरातूनच येतो.

मनाची तपासणी करायला एडिनबर्ग प्रश्नावली आहे. ती १९८७ साली बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठी तयार झाली, पण गरोदरपणातही वापरतात. दहाच प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दलचे. साखर तपासायला जाल तेव्हा तीही मागून घ्या. दोन आठवडे उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना आणि जवळच्या माणसाला सांगा.