नवीन बेस म्युझिक हळदीच्या सेटअपवर लावलं आणि फजिती झाली. नक्की चुकलं काय?

रबाळे_सेकंड_शिफ्ट:

नमस्कार मंडळी. राहायला ऐरोली, कामाला रबाळे एमआयडीसी. वर्षभरापासून डबस्टेप, जंगल, फुटवर्क असलं खोल बेसवालं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकायचा नाद लागलाय. दर शुक्रवारी नवीन रिलीजचा ढीग पडतो. ठाण्याला जाता-येता ट्रेनमध्ये इअरफोन घालून दहा-बारा ट्रॅक संपवतो आणि खरं सांगू, दहातले आठ सारखेच वाटतात. वाटायला लागलंय की जे ऐकायचं ते माझ्या कानापर्यंत पोचतच नाहीये.

आता फजितीचं. माझ्या मामाचा घणसोली गावात हळदीचा डीजे आहे. डबल अठराचे (प्रत्येकात अठरा इंची दोन स्पीकर) चार बेस, वर चार टॉप (वरच्या सुरांचे बॉक्स), सगळं छोट्या हत्तीवर. मागच्या महिन्यात मामेबहिणीचीच हळद होती. संध्याकाळी सहाला मांडवात खुर्च्या लावणारी दोन पोरं सोडून कोणी नव्हतं, म्हणून मामाने पाच मिनिटं दिली. मी १४० टेम्पोचा (मिनिटाला १४० ठोके) एक डबस्टेप ट्रॅक लावला. सुरुवात झकास. स्नेअर ड्रम असा कडकला की पोरांनी माना वर केल्या. मग जिथे बेस पडायचा तिथे... काहीच नाही. नुसतं टिक-टिक, ठाप. मामा केबल हलवून बघायला लागला. म्हणाला, "काय रं, पिच्चरचा आवाज गेला का?"

नंतर त्याने कोळीगीताचा रिमिक्स लावला आणि मांडवाची ताडपत्री थरथरली. म्हणजे बॉक्स ठणठणीत आहेत. माझी फाइल १२८ केबीपीएसची, म्हणजे खूप दाबून लहान केलेली एमपी३ होती, कुठूनतरी उतरवलेली. त्यामुळे झालं का हे? आणि नवीन काय ऐकू, कसं निवडू, तेही सांगा.

कळवा_ईस्ट:

भावा, १२८ची फाइल आणि चार डबल अठरा? वडापावात केक घातल्यासारखं आहे हे. बँडकँप या गाणी विकणाऱ्या साइटवरून वेव्ह किंवा फ्लॅक (आवाज न गमावता ठेवलेली फाइल) विकत घे. डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते ठेवतात, बाकीचे, पेमेंटचा खर्च वजा जाता, लेबलकडे (रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीकडे) आणि कलाकाराकडे जातात. मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी ते आपला हिस्साही सोडतात. मी त्याच दिवशी खरेदी करतो.

निवडायचं म्हणशील तर रिलीजच्या मागे धावू नको, लेबलच्या मागे लाग. हेसल ऑडिओ (२००७ पासून, तिघांनी मिळून काढलेलं), ब्रिस्टलचं लिव्हिटी साउंड, म्युनिकचं इलियन टेप, आणि माला या डबस्टेपवाल्याचं डीप मेडी. चार लेबलं, वर्षभराचं रेशन.

डबल_अठरा:

कोपरखैरण्यात माझा साउंडचा धंदा आहे, म्हणून मध्ये बोलतो. कळवावाले, फाइल विकत घ्या हे बरोबर, पण बेस एमपी३मुळे गेला नाही. १२८मध्ये आधी मार खातो तो वरचा भाग, झांज, हॅट, ती झणझण. खालचा बेस बऱ्यापैकी शाबूत राहतो.

झालं असं असणार. हळदीच्या गाण्यातली किक आणि ढोलकी ६० ते १०० हर्ट्झमध्ये ठोकते (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं, आकडा जितका कमी तितका सूर खालचा). आमचे बॉक्स तेवढ्यासाठीच बांधलेले असतात. पोर्टवाला (हवेला भोक ठेवलेला) बॉक्स ज्या सुराला बांधला त्याच्या खाली गेलं की कोनाला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) आतल्या हवेचा आधार राहत नाही, तो मोकाट पुढे-मागे पळतो आणि फाटतो. म्हणून क्रॉसओव्हरमध्ये (बेस आणि टॉपला आवाज वाटून देणाऱ्या मशिनीत) ४५-५०च्या खाली लो-कट (खालचे सूर अडवणारी चाळणी) लावून ठेवतात. मामानेही लावलाच असणार, आणि शहाणपणाच केला. तुझ्या डबस्टेपचा सब, म्हणजे सगळ्यात खालचा बेस, ४०च्या आसपास हिंडतो. म्हणजे जी नोट ऐकवायला तू गेलास ती दारातच अडवली.

ट्रेनचंही तेच. गाडीचा घरघराट त्याच खालच्या पट्टीत असतो, तो सब गिळून टाकतो.

वर्तकनगरची_आत्या:

या धाग्यावर कोणीतरी चरणजित सिंग यांचं नाव काढणारच, तर मीच काढते. मुंबईत सिनेमाच्या गाण्यांना वाजवणारा माणूस, १९८२ साली ३०३ (बेसची) आणि ८०८ (ठेक्याची) या रोलँडच्या मशिनी घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग रेकॉर्ड करतो. त्याच ३०३वर उभं राहिलेलं शिकागोवाल्यांचं ॲसिड हाउस रेकॉर्डवर आलं १९८७ला. सिंग यांची रेकॉर्ड २०१०मध्ये पुन्हा छापेपर्यंत इथे कोणाला पत्ता नव्हता. झालं, आता विषयावर.

बाळा, आठवड्याला दहा ट्रॅक हा हिशोब सोड. एक घे आणि महिनाभर घासून ऐक. बरिअल या कलाकाराचं २०२४चं एक्सएल लेबलवरचं रेकॉर्ड घे, दोनच ट्रॅक, प्रत्येकी तेरा मिनिटांच्या आसपास. किंवा जेलिनचं त्याच वर्षीचं 'अकोमा'. ही बाई अमेरिकेत गॅरी गावच्या पोलाद कारखान्यात कामाला होती, तुझ्यासारखीच शिफ्टवाली. फुटवर्क १६०च्या वेगातलं, पण हिच्या तालात ढोल-ताशा पथकाच्या सरावाला उभं राहिल्यासारखं होतं मला. हे माझं मत, भांडायला येऊ नये.

घरात वूफर असेल तर एक कर. हॉल किती फुटांचा आहे?

रबाळे_सेकंड_शिफ्ट:

१० बाय १४. जुन्या होम थिएटरचा वूफर आहे, आई त्यावर मनी प्लांट ठेवते.

वर्तकनगरची_आत्या:

अरे वा, १४ म्हणजे नेमकं! ४० हर्ट्झची लाट साधारण २८ फूट लांब, तुझा हॉल तिच्या बरोबर अर्धा. वूफर लांबीच्या एका टोकाला भिंतीशी ठेव, ४०चा नुसता सूर लाव, हळू आवाजात, आणि हॉलभर चाल. मधोमध गायब होईल, दोन्ही टोकांच्या भिंतींशी फुगेल. ट्रॅकही तिथेच बसून ऐकायचा. आणि आधी मनी प्लांट उतरव.

रबाळे_सेकंड_शिफ्ट:

केलं. टीपॉयपाशी उभा राहिलो तर वाटलं वूफर बंद पडला. दोन पावलं मागे सरकून फ्रिजला टेकलो आणि वरच्या डब्यांची झाकणं वाजायला लागली. आई आतून ओरडली, कूकर कोणी लावला म्हणून. मग तिथेच फ्रिजला पाठ लावून बरिअलचा पहिला ट्रॅक पूर्ण ऐकला. ट्रेनमध्ये हाच मी चार मिनिटांत पुढे ढकलला होता.

मामाशी पण बोललो. लो-कट त्यानेच लावलाय, ५०ला. दिवाळीनंतर बॉक्स धुवायला काढेल तेव्हा एका ट्रॅकपुरता ३५वर आणू म्हणतो.

डबल_अठरा:

आणा, पण आवाज अर्धा ठेवा आणि मामाला कोनावर नजर ठेवून बाजूला उभं करा. बोटभर जरी जास्त उडताना दिसला तरी लगेच बंद. रिकोनिंगचं (फाटलेला कोन बदलायचं) बिल तुझ्या पगारातून जाईल.