हरकत निराळी, शिवी निराळी

ऑनलाइन गटातला असभ्य मजकूर काढून टाकावा का, या चर्चेत वर एका सदस्यांनी असे मांडले आहे की, संविधानाने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिलेले असताना कुणाचाही मजकूर काढणे ही मुस्कटदाबीच ठरते. मला हे पूर्णपणे पटत नाही. अनुच्छेद १९ मधला हा हक्क मुख्यतः शासनसंस्थेविरुद्ध आहे, चारचौघांनी चालवलेल्या गटाला तो जसाच्या तसा लागू होत नाही. शिवाय त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात सभ्यता आणि अब्रुनुकसानी हे शब्दही आहेत.

मात्र सौजन्याच्या नावाखाली काय चालते, तेही मी पाहिले आहे. परभणीकडच्या आमच्या शेतकरी गटात सोयाबीनच्या हंगामात एका तरुणाने माल मोजून घेणाऱ्या ज्येष्ठ सदस्याला लिहिले, ‘काका, गावातल्या मीटरवर ओलावा अकरा टक्के भरला, तुमच्याकडे चौदा कसा?’ हमीभावाच्या खरेदीत एरवी ओलाव्याला १२ टक्क्यांची मर्यादा असते, म्हणजे प्रश्न थेट पैशाचा होता. तो वडीलधाऱ्यांचा अवमान म्हणून काढला गेला. त्या तरुणाच्या जातीवरची कुजकट कोटी मात्र, ‘अहो’ने सुरू होत असल्यामुळे की काय, दोन दिवस तशीच राहिली.

ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले, त्यामागे त्यातील शब्दांची संदिग्धता हे एक मोठे कारण होते. गटाच्या नियमातला ‘असभ्य’ हा शब्दही तितकाच सैल आहे. त्याऐवजी जात, आजारपण आणि घरच्या बायामाणसांवरून बोलायचे नाही, एवढे स्पष्ट लिहावे, आणि मजकूर काढल्यास त्याचे कारण सर्वांसमोर सांगावे. व्यवहाराविषयीचा प्रश्न कितीही टोचला तरी तो राहू द्यावा.