उकडलेल्या शेंगा म्हणे ‘आपल्या’ नाहीत!

तापीकाठ
कालपासून एक पोस्ट फिरतेय. अमेरिकेतल्या जॉर्जियात रस्त्याच्या कडेला भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या माणसाचा व्हिडिओ, आणि खाली शेरा: ‘हे त्यांचं. खान्देशात शेंग भाजूनच खातात. आपल्याकडे हायवेवर पातेलं मांडून बसतात ते नवं फॅड आहे. शिळ्या शेंगा भिजवून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायच्या.’

पहिलं अर्धं वाक्य बरोबर आहे. जॉर्जियाच्या शेजारच्या साऊथ कॅरोलायनाने २००६ साली उकडलेल्या शेंगांना राज्याचा अधिकृत खाऊ ठरवलं, त्यांचा अभिमान त्यांच्यापाशी. पुढचं सगळं मात्र शेंग फक्त पुड्यात पाहिलेल्या माणसाने लिहिलंय. शेतातून उपटलेल्या शेंगेत पस्तीस ते पन्नास टक्के पाणी असतं. ती भाजायला कढईतल्या तापलेल्या वाळूत टाकली तर टरफल बाहेरून करपतं, दाणा आत नुसता वाफाळतो, आणि धड भाजलेलंही नाही, धड शिजलेलंही नाही असं काहीतरी हातात येतं. म्हणून ओली शेंग पातेल्यात आणि वाळलेली कढईत. वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा भरते तेव्हा उन्हाळी भुईमूग निघायला लागलेला असतो. दत्तजयंतीला सारंगखेड्यात घोडेबाजार भरेपर्यंत खरिपाची शेंग वाळून पोत्यात गेलेली असते. महिना बघा, भांडं आपोआप कळेल.

भट्टीवाला_धुळे
दादा, महिन्याचाच हिशेब लावायचा तर डिसेंबर-जानेवारीत हायवेवर पातेली कशाची उकळत असतात? तेव्हा ओली शेंग शेतात आहे का? पोस्टवाला ‘फॅड’ म्हणाला ते सोडा, ‘भिजवून’ म्हणाला त्यात काय चुकलं?

आणि भाजणं म्हणजे सोपं काम समजू नका. जाडी नदीची वाळू आधी धुऊन, चाळून घ्यावी लागते. बारीक वाळू शेंगेच्या चिरेतून आत शिरते आणि दाताखाली कचकचते. वाळू इतकी तापायला हवी की पाण्याचा थेंब पडला तर नाचत उडेल. मग शेंगा, मध्यम आंच, आठ ते दहा मिनिटं झारा थांबवायचा नाही. एक शेंग फोडून दाणा दोन बोटांत चोळायचा. साल सुटली आणि दाणा फिकट पिवळा दिसला की लगेच चाळणीत. रंग पूर्ण यायची वाट पाहिली तर गेलं, कारण टरफलातल्या उष्णतेने दाणा बाहेर काढल्यावरही भाजत राहतो. याला हात लागतो. मीठ टाकून पातेलं चढवायला काय लागतं?

तापीकाठ
काय लागतं ते सांगतो.

दहा किलो ओल्या शेंगा. काळ्या मातीतल्या असतील तर टरफलाच्या जाळीत चिखल बसलेला असतो, नुसतं पाणी ओतून निघत नाही. अर्धा तास भिजवून गोणपाटावर चोळायच्या, मग तीन-चार पाणी. हे टाळलं की पातेल्यातलं पाणी गढूळ होतं आणि दाण्यालाही मातीचा वास लागतो. बारा लिटर पाणी, अर्धा किलो जाडं मीठ, चिमूटभर हळद. शेंगा वर तरंगतात म्हणून ताट उपडं घालून त्यावर दगड. उकळी फुटल्यापासून पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं. खरी गोम पुढे आहे: आंच बंद केल्यावर अर्धा-पाऊण तास त्याच पाण्यात राहू द्यायच्या. शेंग निवताना टरफलातली वाफ जिरते आणि मिठाचं पाणी आत ओढलं जातं. घाईने उपसणाऱ्याच्या शेंगेचं टरफल खारट आणि दाणा आळणी, ही तक्रार त्यातूनच येते.

वाळलेली शेंग उकडता येतच नाही असं मी म्हटलेलं नाही. दहा-बारा तास भिजवा, अडीच-तीन तास उकळा, नाहीतर कुकरमध्ये पाऊण तास. अमेरिकेतही दोन्ही चालतं. हंगामात हिरवी, एरवी वाळलेली.

गिरणाथडी
भाजा नाहीतर उकडा, आधी शेंग पिकवून दाखवा भो. पेरल्यापासून डुकरं. कोंब वर आला की उकरतात, शेंग भरली की पुन्हा उकरतात, रात्रभर राखण. मजुराला शेंगा तोडायला बोलवा तर तो कापसाकडे जातो. ज्या गावांत शिवारभर भुईमूग दिसायचा तिथे आता कापूस आणि केळी.

जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राची जेएल-२४, म्हणजे फुले प्रगती. भुईमुगाची उपटी, म्हणजे झुडपासारखी उभी वाढणारी जात, लवकर येणारी, छान. पण उपट्या जातीच्या दाण्याला सुप्तावस्था, म्हणजे न उगवता काही दिवस पडून राहणं, नसते. काढणीच्या तोंडावर पाऊस आठवडाभर बसला की शेंग जमिनीतच उगवते. कोंब फुटलेला दाणा ना भट्टीचा ना पातेल्याचा. कोणाची परंपरा ते तुम्ही ठरवत बसा.

पुडा_नको
सगळे मिठाचं माप सांगताहेत, पण ती ओली गरम शेंग देतात कशात ते कोणी बोलेना. वर्तमानपत्रात! २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला सरळ मनाई आहे. भाजलेल्या कोरड्या शेंगेचं एक वेळ टरफल तरी मध्ये असतं. उकडलेलीचं खारं पाणी शाई सोडवतं आणि तेच बोटांवरून तोंडात. सातपुड्याच्या पायथ्याला पळसाची पानं आहेत, द्रोण करा.

भट्टीवाला_धुळे
@तापीकाठ, भिजवलेली चालते म्हणालात, बरं झालं. मग ती विकणारा ‘ताजी, ताजी’ का ओरडतो? शिवाय वाळलेली किलोभर शेंग भिजून-उकडून दीड किलोच्या वर भरते. गिऱ्हाईक पाणी तोलून नेतं.

दुसरं, पोत्यात ओल धरलेली शेंग. काळपट डाग, आत बुरशी, चवीला कडवट. त्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, उकळून जात नाही. हळद घातली की डाग दिसत नाहीत.

तापीकाठ
भाजूनही ते पूर्ण जात नाही, हे सोयीस्कर विसरलात. खराब माल दोन्हीकडे खराबच.

ओळखायची खूण द्यायला तयार आहे. ताजी उकडलेली शेंग दाबली की आतून गोडसर पाणी येतं, दाण्याची साल फिकट गुलाबी, दाणा टरफलात ठासून. भिजवलेलीची साल गडद तपकिरी, दाणा टरफलापासून सुटलेला आणि चावायला शिजवलेल्या वालासारखा. फोडून बघा आणि मग पैसे द्या. पाण्याच्या वजनाचं म्हणाल तर मान्य, पण वजनाऐवजी मापट्याने विकणाऱ्याकडून घेतली की तो प्रश्न उरत नाही.

सावदेकर_ताई
मला एक सुचतंय. उरलेल्या उकडलेल्या शेंगांचे दाणे भत्त्यात, म्हणजे आपल्या मुरमुऱ्यांच्या कोरड्या भेळेत, घातले तर छान लागतील ना? मऊ दाणा, वर शेव.

चोपडा_नाका
ताई!!! भत्त्यात उकडलेला दाणा? पाच मिनिटांत मुरमुऱ्यांचा लगदा. मग त्याला भत्ता म्हणू नका, चौपाटीची भेळ म्हणा आणि चिंचेचं पाणीही ओता.

शंभर ग्रॅम मुरमुरे आधी कोरड्या कढईत मंद आंचेवर परतून कुरकुरीत करायचे. त्यावर चमचा-दीड चमचा लसूण-तिखटाचं तेल, आणि ते प्रत्येक मुरमुऱ्याला लागलं पाहिजे. तेलाचा हात बसला की कांद्याचं पाणी लवकर आत शिरत नाही. मग शेव, तळलेले दाणे. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर खायच्या क्षणी. लिंबू ज्याचं त्याने.

सावदेकर_ताई
दादा, अंगावर काय येता? टोमॅटोही बरेच जण घालतात.

चोपडा_नाका
टोमॅटो घालणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, धागा उडेल.

रावेर_लाइन
बिया काढून, बारीक चिरून, शेवटी घातला तर टोमॅटोने काही बिघडत नाही. बिघडतं ते शेवेने. शेवभाजीची जाडी शेव भत्त्यात ओततात लोक. ती रश्शात टिकावी म्हणून केलेली असते: पीठ घट्ट, मोहन कमी, किलोभर बेसनाला फार तर पन्नास मिली तेल, सोडा अजिबात नाही. भत्त्यात ती खड्यासारखी लागते. भत्त्याची शेव वेगळी. दीड-पावणेदोनशे मिली मोहन, बारीक साचा, जिभेवर विरघळली पाहिजे.

चोपडा_नाका
चूक. भत्त्याला मध्यम जाडीची तिखट शेवच हवी. बारीक शेव तळाला चुरा होऊन बसते, शेवटच्या घासाला नुसतं पीठ.

रावेर_लाइन
पीठ तळाला बसतं ते शेव शिळी असते म्हणून. आणि शेवभाजीच्या शेवेत सोडा घालणाऱ्यांचं काय करायचं? तळताना फुगून तेल पिते, रश्शात टाकली की दोन मिनिटांत गोळा. हॉटेलवाल्यांनी निम्म्या खान्देशाला हीच शेवभाजी समजायला लावलंय.

चोपडा_नाका
सोड्याबाबत तुमचं बरोबर आहे. आज तेवढंच मिळेल.

नवापूर_गाडी
तुम्ही भत्त्यावरून भांडणारे सगळे जळगावकडचेच दिसता. १९०६ साली खान्देशाचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पण जिभा आधीपासूनच वेगळ्या. नंदुरबारकडे सुरतेहून येणारी रेल्वे आहे, त्यामुळे खारी सिंग, पापडी, गाठिया यांना कोणी परकं म्हणत नाही. खारी सिंग भरूचची, हे सगळ्या गावाला ठाऊक. खाऱ्या पाण्यात भिजवून, सुकवून, मग भाजलेला दाणा. म्हणजे भिजवणं आणि भट्टी एकाच दाण्यात. भट्टीवाले दादा, याला काय म्हणायचं? आणि ‘आपलं-त्यांचं’ करायचंच असेल तर भुईमूगच दक्षिण अमेरिकेतून आलाय. तेवढा एक परत पाठवून द्या.

भट्टीवाला_धुळे
खारी सिंग शेवटी भाजतातच, त्यामुळे ती माझ्या बाजूची.

असो. सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मे-जूनचं पातेलं मान्य. उपटलेली शेंग त्याच दिवशी उकडली तर तिच्यापुढे भाजलेली फिकी, हेही लिहून टाकतो, म्हणजे तापीकाठ यांना रात्री झोप लागेल. बाकीच्या महिन्यांत पातेल्यावर ‘भिजवलेली’ अशी पाटी हवी. आणि सकाळचं पातेलं घट्ट झाकून संध्याकाळपर्यंत विकायचं नाही. मे महिन्यात शेंग तार धरते, आंबूस वास येतो, तरी वरून गरम पाणी ओतून ढकलतात.

तापीकाठ
झाकून ठेवण्याबाबत शंभर टक्के. एकतर पातेलं सतत मंद आंचेवर उकळतं ठेवावं, नाहीतर शेंगा उपसून परातीत पसराव्यात. कोमट पाण्यात बुडवून ठेवणं सगळ्यात वाईट.

पाटीलाही हरकत नाही. फक्त मग भट्टीवरही लावा: या हंगामाची की गेल्या. किंचित खवट दाणा कढईतून काढल्या-काढल्या कळत नाही, पुडा घरी नेऊन गार झाल्यावर कळतो. तोवर विकणारा पुढच्या नाक्यावर.

गिरणाथडी
पाट्या दोघंही लावा. त्यात शेतकऱ्याला किती मिळाले तेही लिहा.