चिठ्ठी आली माझ्याच दारात
परदेशात आपली माणसं कशी वागतात यावर गप्पा चालल्या होत्या, तेव्हा कुणीतरी हॉटेलच्या न्याहारीतून पर्समध्ये गेलेल्या उकडलेल्या अंड्यांचा किस्सा सांगितला. त्यात माझी जर्मनीतली भर.

इथल्या आयसीई या वेगवान रेल्वेगाड्यांत काही भाग शांततेसाठी राखीव असतो, काचेवर तोंडावर बोट ठेवल्याचं चित्रही असतं. फ्रँकफुर्टहून म्युनिकला जाताना नेमकं तिथेच आपलं एक कुटुंब. पुण्याला व्हिडिओ कॉल, स्पीकर चालू, आणि "बघा बाबा, गाडी कशी पळतेय!" म्हणत फोन खिडकीला लावलेला. समोरच्या जर्मन आजींनी काही न बोलता काचेवरचं चित्र दाखवलं. त्यावर आपल्या काकू म्हणाल्या, "कसली खडूस आहे ही म्हातारी!" मी पुस्तकात डोकं खुपसलं, मराठी कळतच नाही असं दाखवत. (पलीकडच्या बाबांचा आनंद मात्र खरा होता, त्यामुळे धड रागावताही येईना.)

रविवारचं तर विचारूच नका. त्या दिवशी इथे रिकाम्या काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या कंटेनरमध्ये टाकायलाही मनाई, खळखळाट होतो म्हणून. आणि आमच्या इमारतीत एका देशबांधवाने रविवारी सकाळी भिंतीला ड्रिल लावलं. देवघर बसवायचं होतं, मुहूर्त होता म्हणे! शेजाऱ्यांची चिठ्ठी माझ्या दाराखालून आत आली. भारतीय आडनावाची पाटी तेवढी माझ्याच दारावर होती ना.